माझ्या पाच सायकली : वजन किती, वेग किती

चाकोरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सायकल घ्यायला गेलेला माणूस आधी ती उचलून बघतो. हाताला हलकी लागली की ही पळणार, असं मनात पक्कं होतं. माझ्या घरात गेल्या काही वर्षांत एकेक करत पाच सायकली जमल्या आणि पाचही वेगळ्या जातीच्या. त्यामुळे माणूस तोच, रस्ता तोच, दम तेवढाच आणि फक्त सायकल बदललेली, अशी तुलना करायची सोय झाली. ती मनापासून, वेळ देऊन केली आहे. आकडे मांडतो, मग बोलू.

सगळी वजनं पायडल, स्टँड, दिवे, बाटलीची जाळी, पंक्चरचं सामान यांच्यासकट आहेत. म्हणजे सायकल रोज जशी रस्त्यावर उतरते तशी. काळी उभी सायकल, जाड लोखंडी नळ्यांची, रॉड ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे भक्कम कॅरियर, २८ × १½ चे टायर, गिअर नाहीत : २०.५ किलो. एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, पुढे धक्के झेलणारं सस्पेन्शन, २६ इंची चाकं आणि गाठीगाठींचे रुंद टायर : १६.२ किलो. हायब्रीड, म्हणजे एमटीबी आणि रोडबाईक यांच्या मधली, अॅल्युमिनियमची, ३५ मिमीचे टायर : १२.८. घडीची सायकल, २० इंची चाकं : १२.४. रोडबाईक, अॅल्युमिनियमची चौकट आणि कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा दुभंगी दांडा), २५ मिमीचे टायर : ९.१.

माझं वजन ७० किलो. पहाटे, वारा पडलेला असताना, एका सपाट रस्त्यावर १० किलोमीटर जाऊन परत यायचं. छातीला पट्टा लावून हृदयाचे ठोके १३५ ते १४० मध्ये ठेवायचे. एकाच फेरीवर विसंबलो नाही, वेगवेगळ्या पहाटे क्रम बदलून चालवल्या.

सपाटीवरचा सरासरी वेग (ताशी किलोमीटर) असा आला : रोडबाईक २९, हायब्रीड साधारण २६, घडीची २५, काळी सायकल २३ आणि एमटीबीसुद्धा २३ च्या आतबाहेर.

शेवटच्या दोन आकड्यांवर जरा थांबा. काळी सायकल एमटीबीपेक्षा चार किलोंहून जास्त जड आहे आणि तरी सपाटीवर तिच्या बरोबरीने चालते. आणि हायब्रीड आणि घडीची यांच्यात घडीची हलकी असूनही जरा मागे पडते. वजनाच्या क्रमाने वेग लागतच नाही.

मग मी रोडबाईकवर पाच लिटर पाणी बांधलं. लहान बाटल्या, चौकटीच्या आतल्या बाजूला, वाऱ्याला आडव्या येणार नाहीत अशा. सायकल १४ किलोंची झाली. सपाटीवरचा फरक माझ्या मोजमापाच्या चढउतारात बुडून गेला. कागदावर हिशेब केला तर तो ताशी पाव किलोमीटरही येत नाही.

यानंतर चढ. ४ किलोमीटर, सरासरी ६ टक्के, म्हणजे २४० मीटर उंची. रोडबाईक २४ मिनिटं, हायब्रीड २६, घडीची साधारण तेवढीच, एमटीबी २९. काळी सायकल सलग चढली नाही, मध्ये उतरून ढकलावी लागली, म्हणून तिचा आकडा देत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सायकलचं वजन हा वेगाचा मापदंड म्हणून फार वर बसवला गेला आहे. बसण्याची ढब आणि टायर यांच्यावर त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढीही चर्चा होत नाही. तुमच्याकडे एकाहून जास्त सायकली असतील तर तुमचे आकडे जरूर द्या. वजन आधी, मग वेग, आणि टायर कुठले ते विसरू नका.

---

उतारपंथी

धागा आवडला. वाचनखूण साठवली.

पण एक शंका. हृदयाचे ठोके सारखे म्हणजे जोर सारखा, हे कितपत धरायचं? उकाड्यात ठोके वाढतात, झोप कमी झाली तरी वाढतात, लांबच्या फेरीत शेवटी शेवटी जोर तोच असून ठोके वर सरकतात. पायांचा जोर थेट वॅटमध्ये मोजणारा पॉवर मीटर असता तर गोष्ट वेगळी.

---

चाकोरी

शंका रास्त आहे. म्हणूनच पहाटेची वेळ, बदलता क्रम आणि अनेक फेऱ्या. ताशी अर्ध्या किलोमीटरच्या फरकावर मी काही बोलणार नाही. पण २३ आणि २९ हा फरक ठोक्यांच्या चुकीचा नाही.

---

त्रिज्या

चाकोरी, फार चांगलं काम केलंत. तुमच्या आकड्यांमागचं गणित देते, म्हणजे ते अंदाजाने आलेले नाहीत हे सगळ्यांना दिसेल.

सपाट रस्त्यावर पायांची शक्ती दोन ठिकाणी जाते. एक, टायर रस्त्यावर दबत उलगडत जातो त्यात. ही ओढ एकूण वजनाच्या प्रमाणात असते. रोडबाईकच्या चांगल्या टायरला ती वजनाच्या अर्धा टक्का धरा, गाठींच्या टायरला डांबरी रस्त्यावर सव्वा टक्क्याच्या आसपास. दोन, हवा. हवेची ओढ वेगाच्या वर्गाने वाढते आणि तिला लागणारी शक्ती घनाने. २० चे ३० करायचे तर हवेसाठी लागणारी शक्ती दीडपट होत नाही, जवळजवळ ३.४ पट होते.

आता चाकोरींची रोडबाईक ताशी २९ ने. माणूस, सायकल, कपडे, पाणी मिळून ८० किलो धरू. टायरची ओढ साधारण ४ न्यूटन, म्हणजे ३२ वॅट. हवेला १११ ते ११३ वॅट. एकूण १४५ च्या जवळ. यातली वजनावर अवलंबून असलेली शक्ती फक्त ३२ वॅट, आणि तीही अख्ख्या ८० किलोंची. पाच किलो वाढले तर त्यात दोन वॅटची भर पडते. पाण्याच्या बाटल्यांचा परिणाम दिसला नाही तो यामुळे.

एमटीबीवर तुम्ही ताठ बसता, हँडल रुंद, छाती वाऱ्याला पूर्ण उघडी. शिवाय टायरची ओढ १० न्यूटन. त्याच १४५ वॅटमध्ये ६४ वॅट टायरच खातात. काळ्या सायकलवर तुम्ही आणखी ताठ आहात, पण तिचा टायर अरुंद आणि गुळगुळीत. एकीकडे गमावलं ते दुसरीकडे भरून निघालं.

---

वंगण

माझा सायकल दुरुस्तीचा अनुभव बराच आहे म्हणून लिहितो. गणित बरोबर आहे, पण ते चांगल्या अवस्थेतल्या सायकलचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक सायकलींना वजनाची नाही, वेगळीच ओढ असते.

चाक उचलून हाताने फिरवा. ब्रेकचा रबर एका जागी घासतोय का बघा. घासत असेल तर चाकाचा आऊट, म्हणजे फिरताना डगमगणारा वाकडेपणा, काढा, ब्रेक सैल करून विषय सोडू नका. मग एक्सल धरून सावकाश फिरवा. खरखर लागली तर कोन (एक्सलवरचे छर्रे जागी धरणारे नट) आवळून बसलेत किंवा छर्रे खाल्ले गेलेत. जुनं ग्रीस काढून नवीन भरलं आणि कोन नीट बसवले की चाक किती वेळ फिरत राहतं ते बघण्यासारखं असतं. चेन कोरडी, गंजलेली असेल तर तीही खाते. स्वच्छ, तेल दिलेली चेन तुमच्या जोरातला ९५ टक्क्यांहून जास्त जोर चाकापर्यंत पोहोचवते. गंजलेली चेन सुरुवातीलाच वाटणी मागते.

आणि काळ्या सायकलला टायरवर घासणारा डायनॅमो असेल तर दिवा ३ वॅटचा असला तरी पायांना त्याच्या दुपटीहून जास्त द्यावे लागतात. दिवसा तो टायरपासून सुटा आहे ना, ते बघा.

---

चाकोरी

वंगणकाका, तुलनेआधी पाचही सायकलींचं ओव्हरहॉलिंग केलं होतं, तेलपाणी आणि आऊट दोन्ही. डायनॅमो काढून ठेवला आहे, आता सेलवरचा दिवा लावतो. पण हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आऊट असलेल्या हलक्या सायकलची तुलना नीट असलेल्या जड सायकलशी केली तर निष्कर्ष भलताच निघेल.

---

वेगवान

सपाटीचं मान्य. पण चाकांच्या वजनाचं काय? चाकातला एक किलो म्हणजे चौकटीतले दोन किलो, असं सगळे सांगतात. हलकी चाकं टाकल्यावर मला सायकल एकदम चपळ वाटली, हा अनुभव खोटा नाही.

---

त्रिज्या

अनुभव खोटा नाही, पण तो कशाचा आहे ते वेगळं काढून बघू या.

दुपटीचा नियम रिम आणि टायरला लागू पडतो, कारण त्यांचं वजन परिघावर असतं आणि ते पुढेही जातं, फिरतंही. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, वजनाला तो लागत नाही. आणि तो फक्त वेग वाढवताना लागतो. एका वेगाने चाललात की फिरणारं वजन आणि न फिरणारं वजन सारखंच. चढावरही सारखंच.

समजा रिम आणि टायर मिळून अर्धा किलो कमी केला. शून्यापासून ताशी ३० पर्यंत जायला ८० किलोंना सुमारे २,८०० ज्यूल लागतात. अर्ध्या किलोच्या दुपटीने, म्हणजे एक किलोने, त्यातले ३५ वाचतात. सव्वा टक्का. सिग्नलवरून सुटताना हे जाणवू शकतं, पण तासाभराच्या सरासरीत सापडणं कठीण. हलक्या चाकांसोबत बहुधा टायरही चांगले आले असतील. मला तरी फरकाचा मोठा वाटा तिथला वाटतो.

---

वेगवान

टायर बदलले होते, हे खरं. जुन्या चाकांवर नवे टायर चढवून बघतो आणि इथे लिहितो.

---

तिसरा मजला

सगळे वेगाबद्दल बोलताहेत म्हणून एक वेगळी बाजू मांडते. मी तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, खाली सायकल ठेवायला सुरक्षित जागा नाही. माझ्यासाठी वजन म्हणजे रोजचे जिने. आधी १७ किलोंची गिअरची सायकल होती. ती खांद्यावर घेऊन चढताना हँडल फिरून भिंतीला लागायचं, पायडल पोटरीला लागायचं, आणि पुढे पुढे तर मी खाली उतरायचंच टाळायला लागले. आता ११ किलोंची आहे. रस्त्यावरचा वेग फार बदललेला नाही, हे चाकोरींच्या म्हणण्याशी जुळतं. पण सायकल चालवणं कितीतरी पटींनी वाढलं.

तेव्हा वजनाला एवढं खाली उतरवू नका. सपाटीवर ते लपतं, पण सायकल हातात घेतली की लपत नाही. ज्यांना रोज उचलावी लागते, गाडीच्या टपावर चढवावी लागते, ज्यांचे खांदे-गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी किलो-किलोचा हिशेब खरा आहे.

---

चाकोरी

ताई, पूर्ण पटलं. वेगासाठी वजन आणि वापरासाठी वजन हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि माझ्या पोस्टमध्ये दुसऱ्याला जागाच नव्हती. घडीची सायकल घेतली ती उचलून नेता यावी म्हणूनच, पण घडी केलेले साडेबारा किलो एका हातात धरले की उघड्या हायब्रीडपेक्षा अवघड जातात, हेही नोंदवतो. सगळं वजन एका गठ्ठ्यात असतं आणि खांद्यावर टेकवायला नळी नसते.

---

उतारपंथी

चढाच्या आकड्यांवर कोणी बोललं नाही. तिथे तरी वजन राजा आहे ना?

---

त्रिज्या

आहे, पण कोणाचं वजन ते बघा. चढावर ओढावं लागतं ते माणूस आणि सायकल मिळूनचं. ८० किलोंमध्ये एक किलो म्हणजे सव्वा टक्का. चाकोरींच्या २४ मिनिटांच्या चढावर एका किलोला साधारण १६-१७ सेकंद. स्पर्धेत १६ सेकंद फार असतात, तिथे लोक त्यासाठी जीव टाकतात आणि ते योग्यच आहे. पण बाटलीत पाऊण लिटर पाणी कमी नेलंत तरी जवळपास तेवढंच वाचतं.

आता मला या धाग्यात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट. एमटीबीला रोडबाईकपेक्षा पाच मिनिटं जास्त लागली. सायकल सात किलोंनी जड, म्हणून सगळं खापर वजनावर फोडावंसं वाटतं. हिशेब केला तर वजनाचा वाटा जवळजवळ दोन मिनिटांचा येतो. जवळजवळ तीन मिनिटं टायरची आहेत. चढावर हवेचा रोध नगण्य होतो, पण टायर आपला वाटा तिथेही घेतोच. उरलेलं बहुधा पुढच्या सस्पेन्शनने खाल्लं असेल, उभं राहून पायडल मारताना तो खालीवर होत असेल तर.

---

चाकोरी

हो, उभं राहिलं की पुढचं टोक डुलतं. सस्पेन्शन घट्ट करून ठेवायचं लॉक त्याला नाही.

त्रिज्या, तुमचा हिशेब वाचून एमटीबीचे टायर बदलले. त्याच रिमवर दीड इंची गुळगुळीत टायर चढवले, बाकी काही हलवलं नाही. सपाटीवर वेग २३ वरून जवळपास २५ वर गेला आणि चढाची वेळ २७ मिनिटांवर आली. सायकल अजूनही साडेपंधरा किलोंच्या वरच आहे. गाठींचे टायर जपून ठेवले आहेत, कच्च्या रस्त्यावर आणि चिखलात त्यांना पर्याय नाही.

---

वंगण

हे मी लोकांना कधीचं सांगतोय. नवी सायकल घ्यायची घाई करण्याआधी टायर बदलून बघा. डांबरी रस्त्यावरच चालवायची असेल तर गाठी कशाला?

हवेचंही लिहितो. टायर दगडासारखा टणक केला की पळतो, हा समज फार पसरलेला आहे. गुळगुळीत लाकडी ट्रॅकवर ठीक. खडबडीत रस्त्यावर टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, आणि ते उडणं तुमच्या पायांच्या जोरातूनच होतं. टायरच्या बाजूला छापलेला आकडा जास्तीत जास्त हवेचा असतो, तेवढी भरलीच पाहिजे असं नाही. मागच्या चाकावर भार जास्त, तिथे थोडी जास्त भरा, पुढे कमी.

---

शतमार्गी

लांबच्या पल्ल्याचा माणूस म्हणून भर घालतो. ब्रेव्हे प्रकारात, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पुरं करायच्या फेऱ्यांत, २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० तास मिळतात. म्हणजे थांबण्या-खाण्या-झोपण्यासकट ताशी १५ च्या आसपास. तिथे मी साडेआठ किलोंच्या सायकली मागे पडलेल्या आणि १४ किलोंच्या लोखंडी सायकली वेळेत पोहोचलेल्या पाहिल्या आहेत. फरक कुठे पडतो? मनगटं बधिर झाली, मान धरली, सीट टोचली की माणूस थांबतो. थांबलेल्या सायकलचा वेग शून्य.

म्हणून वाकून बसायची ढब वेगवान असली तरी ती किती तास टिकवता येते ते बघायला हवं. अर्ध्या तासात पाठ धरली तर तिचा उपयोग नाही. माझं हँडल मी सीटच्या पातळीला ठेवतो, आणि वारा समोरून असला की कोपर वाकवून खाली होतो.

सामान लादून जाणाऱ्यांसाठी : २० किलोंचं ओझं असेल तर सायकल ११ ची की १३ ची यावर फार विचार करू नका. सगळ्यात हलका गिअर चढावर किती सोपा आहे, यावर करा.

---

वेगवान

हाच प्रश्न मला काळ्या सायकलबद्दल पडला होता. ती चढली नाही ती वजनामुळे की गिअर नसल्यामुळे?

---

चाकोरी

गिअर नसल्यामुळे, असं माझं ठाम मत झालं आहे. पुढे ४४ दात, मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळपास ५.४ मीटर पुढे जाते. ६ टक्क्यांच्या चढावर माझ्या दमात तिचा वेग ताशी ८ असायला हवा, म्हणजे मिनिटाला जेमतेम २५ फेरे. प्रत्येक फेऱ्याला सगळं अंग पायडलवर टाकावं लागतं. हायब्रीडवर पुढे २८, मागे ३२ लावलं की एका फेऱ्यात १.९ मीटर आणि पाय मिनिटाला ८० च्या वर फिरतात. दम तेवढाच, पण गुडघे वाचतात. काळी सायकल दहा किलोंनी हलकी केली असती तरी त्या एका गिअरवर ती मला चढावर छळलीच असती.

सपाटीवर मात्र तिचं चालणं मला पाचांत सगळ्यात आवडतं. मोठी चाकं, दोन चाकांमध्ये लांब अंतर, खड्डा आला तरी ती ओलांडून जाते, आणि एकदा २० ला लागली की तिथेच टिकून राहते.

---

उतारपंथी

टिकून राहते ते वजनामुळे ना? जड सायकल गती धरून ठेवते.

---

त्रिज्या

हो, तेवढ्यापुरतं. पायडल थांबवल्यावर जड सायकल हळू मंदावते, कारण तीच हवेची ओढ जास्त वस्तुमानाला थांबवत असते. पण ती गती भरायला आधी जास्त जोर दिलेला असतो, फुकट काही मिळत नाही. उतारावर मात्र वजनाचा सरळ फायदा आहे. ढब आणि टायर सारखे असतील तर जड माणूस हलक्यापेक्षा वेगाने उतरतो.

यातूनच पॉवर मीटर नसणाऱ्यांसाठी एक चाचणी निघते. सौम्य उतार आणि पुढे सपाटी, अशी मोकळी जागा शोधा. ठरलेल्या खुणेपासून पाय न मारता सायकल सोडा आणि कुठे थांबते ते बघा. उतार इतका सौम्य हवा की वेग धावत्या माणसापेक्षा फार वर जाऊ नये, म्हणजे हवेचा परिणाम कमी आणि टायर-छर्ऱ्यांचा ठळक. दोन सायकलींची तुलना करताना हलकीवर पाणी बांधून वजन सारखं करा.

---

शतमार्गी

ढबेबद्दल शंका असेल त्यांनी तासाच्या विक्रमाचा इतिहास बघावा. त्यात चढ नाही, वारा नाही, थांबणं नाही, एका तासात ट्रॅकवर किती अंतर कापलं एवढंच.

१९३३ मध्ये फ्रान्सिस फोर याने मोशे या फ्रेंच माणसाने बनवलेल्या आडव्या सायकलवर पाठीवर रेलून तासात ४५.०५५ किलोमीटर काढले. तो अव्वल दर्जाचा रेसर मानला जात नव्हता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने सायकलची व्याख्या अशी केली की ती आडवी सायकल विक्रमाबाहेर गेली. १९७२ मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत, नेहमीच्या वाकड्या हँडलवर ४९.४३१ केले. १९९३ मध्ये ग्रॅम ओब्रीने हात छातीखाली दुमडून ५१.५९६ केले. त्या ढबेवरही नंतर बंदी आली.

आणि ख्रिस बोर्डमन. १९९६ मध्ये मँचेस्टरच्या ट्रॅकवर हात सरळ पुढे ताणून ५६.३७५. मग संघटनेने ठरवलं की विक्रम मर्क्सच्या काळातल्यासारख्या सायकलवर आणि ढबेत व्हायला हवा. २००० मध्ये त्याच बोर्डमनने त्याच मँचेस्टरच्या ट्रॅकवर तशा सायकलने केले ४९.४४१. मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. मध्ये चार वर्षं गेली होती आणि तो निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता, हे धरलं तरी सात किलोमीटरचा फरक वयाने पडत नाही. नियम नंतर पुन्हा सैल झाले आणि २०२२ मध्ये फिलिपो गान्नाने ५६.७९२ केले.

त्याच २००० सालापासून स्पर्धेच्या सायकलला ६.८ किलोंची किमान मर्यादा आहे. त्याहून हलक्या सायकली बनवता येतात. तरी ती मर्यादा असूनही बनवणाऱ्यांचं लक्ष नळ्यांच्या आकारावर, वायर आत लपवण्यावर आणि हँडल अरुंद करण्यावर गेलं आहे, ते हवेसाठीच.

---

तिसरा मजला

बोर्डमनचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला वाचून.

---

कडीकोयंडा

माझे आकडे : लोखंडी टूरिंग १३.९ किलो, ३२ मिमी टायर, सरासरी २४. कार्बनची रोडबाईक ७.८ किलो, २८ मिमी, सरासरी २७. पण कार्बनवाली मी मित्रांच्या गटात चालवतो आणि लोखंडी एकट्याने. ही तुलना चालेल का?

---

त्रिज्या

चालणार नाही. दुसऱ्याच्या मागे चिकटून चाललात की हवेचा रोध बराच उतरतो, आणि हवा हाच तर मोठा हिस्सा आहे. दोन्ही एकट्याने चालवून बघा.

आणखी दोन गोष्टी तपासा. स्पीडोमीटर चाकाच्या चुंबकावर चालत असेल तर त्यात चाकाचा घेर बरोबर भरलाय का? २५ मिमीच्या टायरचा घेर २,१०५ मिमीच्या आसपास, ३२ चा २,१५५. अशा दोन सायकलींवर एकच आकडा ठेवला तर दोन टक्क्यांहून जास्त चूक, म्हणजे ताशी अर्धा किलोमीटर. व्हॉल्व्ह खाली आणून जमिनीवर खूण करा, सायकलवर बसून चाकाचा एक पूर्ण फेरा पुढे जा, पुन्हा खूण करा, टेपने मोजा. बसून मोजा, कारण भाराने टायर दबतो आणि घेर घटतो. फोनवर मोजत असाल तर थांबल्यावर घड्याळही थांबवतो का ते बघा. एकात थांबत असेल आणि दुसऱ्यात नाही, तर तुलना संपली.

सरासरीचंही. जाताना २० आणि येताना ३० म्हणजे सरासरी २५ नाही, २४. समोरच्या वाऱ्यात गेलेला वेळ मागच्या वाऱ्यात पूर्ण परत मिळत नाही.

---

वंगण

वजन कसं केलंत तेही लिहा. कंपनीच्या पत्रकावरचं वजन बहुतेक वेळा पायडलशिवायचं असतं आणि लहान मापाच्या चौकटीचंही असू शकतं. घरी करायचं तर सायकल हातात धरून काट्यावर उभे राहा, मग एकटे, आणि वजाबाकी करा. लटकवायचा काटा असेल तर सीटच्या पुढच्या टोकाला अडकवून, तो जास्त विश्वासाचा.

---

कडीकोयंडा

कार्बनवालीचं वजन पत्रकावरचं दिलं होतं. लटकवून केलं, पायडल आणि जाळीसकट ८.५ भरलं. घेरही दोन्हींचा मोजून भरला. एकट्याने एकाच रस्त्यावर चालवल्यावर : लोखंडी २३.५, कार्बन २५.५. पाच किलोंच्या वरचा फरक असून ताशी दोन. दोन्हींवर हँडल सारखंच वाकडं आहे, पण लोखंडीवर मी जरा उंच बसतो आणि मडगार्ड-कॅरियर आहेत.

---

चाकोरी

धन्यवाद, नेमकं हेच हवं होतं. जमलं तर लोखंडीचं हँडल दोन-तीन सेंटिमीटर खाली घेऊन पुन्हा बघाल का? स्टेमखालचे (हँडल धरणाऱ्या आडव्या तुकड्याखालचे) गोल स्पेसर, म्हणजे कड्या, वर घालून होतं, नवीन काही घ्यावं लागत नाही.

---

तिसरा मजला

माझ्या भावाच्या २६ इंची सायकलला गुळगुळीत टायर घ्यायचेत. २६ म्हटलं की कुठलेही २६ चे बसतील ना?

---

वंगण

नाही ताई, इथे बरेच जण फसतात. २६ इंच या नावाखाली वेगवेगळ्या व्यासाच्या रिम आहेत. टायरच्या बाजूला बघा, ५०-५५९ किंवा ३७-५९० असा जोड आकडा असेल. पहिला रुंदी, दुसरा रिमला बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. एमटीबीचे बहुतेक ५५९ असतात. जुन्या साध्या सायकलचा २६ × १⅜ असेल तर ५९०. चाकोरींच्या काळ्या सायकलचा २८ × १½ हा ६३५, आणि हायब्रीड-रोडबाईकचा ६२२, त्यालाही काही जण २८ म्हणतात. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिला थोडा कमीजास्त चालतो, चौकट आणि ब्रेकमध्ये जागा असेल तर.

जोड आकडा पुसला गेला असेल तर टायर काढून आतली बाजू आणि रिमवरचा शिक्का बघा, आणि फोटो इथे टाका.